फळबागेचे अनुदान

भात किंवा ज्वारी पेरली की चार-पाच महिन्यांत पीक घरात येते. आंब्याचे तसे नसते. आंब्याचे कलम लावल्यावर फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर खड्डे खणायचे, खत-माती भरायची, कुंपण घालायचे, उन्हाळ्यात पाणी द्यायचे. खर्च चालूच राहतो. उत्पन्न मात्र काही नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो थांबू शकतो. पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने इतकी वर्षे काय खावे?

ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने १९९० साली फळबाग लागवडीची योजना सुरू केली. ती रोजगार हमी योजनेशी जोडलेली होती. रोजगार हमी योजनेत खेड्यातील माणसाने काम मागितले, तर ते देण्याची जबाबदारी शासनाची असे. त्यासाठी राज्यात १९७७ साली कायदाही झाला. रस्ते, बांध, पाझर तलाव अशी सार्वजनिक कामे तिच्यातून होत. १९९० पासून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत फळझाडे लावण्याचे कामही तिच्यात आले. आपल्याच रानात खड्डे खणणाऱ्याला मजुरी मिळू लागली. कलमे आणि खते यांसाठीही मदत मिळू लागली. अशा मदतीला 'अनुदान' म्हणतात. अनुदान म्हणजे कर्ज नव्हे. अटी पाळल्या तर ते फेडावे लागत नाही.

हा पैसा कोठून येई? १९७५ साली राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. तो रोजगार हमीसाठीच होता. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया असा कोकणातल्या डोंगरउतारावरील कलमापर्यंत पोहोचत असे.

पैसा जनतेचा, म्हणून तो एकदम हाती देत नाहीत, हप्त्यांनी देतात. उर्दूत 'हफ़्ता' म्हणजे आठवडा. मराठीत मात्र 'हप्ता' हा शब्द 'क़िस्त' या अर्थानेही वापरतात. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली, तेव्हा अनुदानाचे तीन वर्षांचे तीन हप्ते ठरले: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २०. त्याला एक अटही होती. समजा, एका हेक्टरात दहा-दहा मीटरवर १०० कलमे लावली. त्यांपैकी पहिल्या वर्षी निदान ८० आणि दुसऱ्या वर्षी ९० जिवंत हवीत. कमी पडली, तर शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने मेलेल्या झाडांच्या जागी नवी कलमे लावायची. याला 'नांग्या भरणे' म्हणतात. अशी अट नसती, तर कित्येक बागा कागदावरच बहरल्या असत्या!

या मदतीने महाराष्ट्राचे रूप पालटले. १९९० पूर्वी राज्यात फळबागांखाली सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन होती. पुढील पंधरा वर्षांत हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. कोकणात आंबा व काजू, सोलापुरात डाळिंब व बोर यांच्या बागा वाढल्या.

तरीही सर्वांनाच हा लाभ सहज मिळतो असे नाही. अर्जासोबत जमिनीचा सातबारा उतारा द्यावा लागतो. आजोबांच्या पश्चात त्यावर दहा वारसांची नावे असतात. कोणी मुंबईला, कोणी आखाती देशात. जमीन सामाईक असेल, तर सर्वांचे संमतीपत्र लागते. एकाची सही राहिली, की अर्ज अडतो आणि जमीन पडीक राहते. शिवाय अनुदान बहुधा काम झाल्यावर मिळते. म्हणजे आधीचा खर्च गरिबालाच उभा करावा लागतो.

म्हणून नियम नीट वाचता येणे फार महत्त्वाचे आहे. सातबारा, अर्ज, शासन निर्णय हे सारे मराठीत असते. तुमच्या घरी शेती असेल, तर वडिलांकडून सातबारा मागून घ्या. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत आणि कोणते पीक नोंदले आहे, ते मोठ्याने वाचून दाखवा. आज शिकलेली मराठी उद्या तुमच्या घरची पडीक जमीन हिरवी करू शकेल.