विजेचा खटका पडतो तेव्हा

अलकापुरीतील जुन्या बंगल्यांच्या मीटरपेटीत एके काळी चिनी मातीचे पांढरे फ्यूज ओळीने बसविलेले असत. दिवे गेले की घरातील कर्ता पुरुष मेणबत्ती व पक्कड घेऊन निघे आणि हाती लागेल ती तार फ्यूजला गुंडाळून परत येई. बारीक तार नसली तर जाड तार! घरात उजेड पडे खरा. पण फ्यूजची तार मुद्दामच दुबळी ठेवलेली असते. भिंतीतील तार तापण्यापूर्वी तिने वितळावे, एवढेच तिचे काम. ती जाड केली की जळण्याची पाळी भिंतीतील तारेवर येते.

आज बहुतेक घरांत त्या फ्यूजची जागा एम.सी.बी. या लहानशा खटक्याने घेतली आहे. जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ साली त्याचा शोध लागला. आपल्या बडोद्यालाही हा विषय परका नाही. १९६० साली स्थापन झालेल्या गुजरात विद्युत मंडळाचा कारभार रेसकोर्सवरून चाले, आणि मकरपुऱ्यातील एर्डा ही १९७४ सालची संस्था विजेच्या सामग्रीची तपासणी व संशोधन करीत असते.

या खटक्याच्या पोटात दोन पहारेकरी बसलेले असतात. एक धीराचा, दुसरा शीघ्रकोपी. पहिला म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी. प्रवाह वाढला की ती तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि खटका सोडते. हे काम सावकाश चालते. १६ अँपिअरच्या खटक्यातून सुमारे २३ अँपिअर वाहू लागले तर त्याने एका तासाच्या आत तुटले पाहिजे, असा दंडक आहे. दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचे वेटोळे. दोन तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकाएकी पाच-दहा पटींवर गेला की या वेटोळ्याचे चुंबक क्षणार्धात खटका ओढून पाडते. बोटाने खटका वर दाबून धरला तरी आतला जोड तुटतोच. ही योजना फार विचाराने केलेली आहे.

म्हणून खटका कसा पडला, याकडे गृहिणींनी अवश्य लक्ष द्यावे. गीझर ८.७ अँपिअर, इस्त्री ४.३, विजेची किटली ६.५, तिन्ही एकाच वाटेवर लावल्यास बेरीज १९.५ होते. अशा वेळी १६ चा खटका पुष्कळ वेळ टिकून मग पडेल. ही अतिभाराची खूण. एक वस्तू बंद करावी, पट्टी निवण्यास काही मिनिटे द्यावीत, खटका आधी पुरता खाली व मग वर करावा. उलट, वर करताच खटका पडला तर कोठे तरी शॉर्ट सर्किट आहे असे समजावे. मग पुनःपुन्हा वर करून पाहू नये, वायरमनला बोलवावे. आणि तो आल्यावर “मोठा एम.सी.बी. टाकून द्या” असे त्यास सांगू नये. अडीचच्या वायरवर ३२ चा खटका बसविणे म्हणजे जुन्या फ्यूजला जाड तार गुंडाळणेच होय.

आता एक गैरसमज. हा खटका आपल्या मिक्सरचे रक्षण करतो, असे पुष्कळांस वाटते. तो रक्षण करतो भिंतीतील तारेचे. ५०० वॉटचा मिक्सर सव्वादोन अँपिअर घेतो. पुरण वाटताना पाते अडकले आणि तो समजा तिप्पट, म्हणजे पावणेसात अँपिअर घेऊ लागला, तरी १६ चा खटका स्वस्थच बसेल; त्याच्या लेखी हा भार किरकोळ. तोवर मोटरीच्या वेटोळ्यांवरील वार्निश जळून जाईल. म्हणूनच पुष्कळ मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असते. तो त्या यंत्राच्या मापाचा, त्याच जातीचा लहान खटका. बटण बाहेर आले की मिक्सर बिघडला असे समजून दुकानात नेण्याची घाई नको. पिन काढावी, भांडे हलके करावे, मोटर निवू द्यावी आणि बटण आत दाबावे. बटण त्रास देते म्हणून त्याच्या दोन तारा थेट जोडून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्याकडून दुरुस्ती न करवलेलीच बरी.

माणसाचे रक्षण हा खटका करीत नाही, हेही सांगितले पाहिजे. अँपिअरच्या दशांशाहून कमी प्रवाहही माणसाचा जीव घेऊ शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. निराळी बसवावी लागते व तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे लागते.

सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचीही हीच गोष्ट. तीन फेजपैकी एक गेली की उरलेल्या दोहोंतून मोटर अधिक प्रवाह ओढते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले अशा वेळी तिला थांबवितो. या रिलेवर अँपिअरची एक तबकडी असते. पंप वारंवार बंद पडतो म्हणून कोणी ती पुढे सरकवून ठेवली आहे काय, मोटरीच्या पत्र्यावर लिहिलेल्या आकड्याशी ती जुळते काय, हे वायरमन येईल तेव्हा त्याच्याकडून तपासून घ्यावे.