घड्याळांची वळकटी

एचएमटीची घड्याळं पुन्हा मनगटांवर दिसू लागली आहेत. जपानच्या सिटिझन कंपनीचा हात धरून 1961 साली बंगळुरूत हा कारखाना उभा राहिला आणि 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. बंद झाल्यावर आपल्याला तिची किंमत कळली, हे आपल्या रीतीला धरूनच झालं. आता वडिलांची ‘जनता’, मामाचं ‘पायलट’, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं ‘कांचन’ असा ऐवज कपाटातून बाहेर निघतो, घड्याळजीकडे जाऊन चालू होऊन येतो आणि परत रुमालात गुंडाळून मिठाईच्या डब्यात पडतो. तिथे एकाची चावी दुसऱ्याच्या काचेवर घासते. या जुन्या घड्याळांची काच बहुधा ॲक्रिलिकची असते. तिच्यावर ओरखडा उठायला फार काही लागत नाही.

यावरचा सुबक इलाज म्हणजे चामड्याची वळकटी. तीन घड्याळं तीन उशांवर बांधायची, मध्ये पडदे, बाहेरून जाड चामड्याचा नळकांड्यासारखा वेढा आणि त्यावर पट्टा. कपाटात ठेवा, नाहीतर बॅगेत टाका. हाताने बनवलेल्या अशा वळकट्या परदेशात फार महाग विकल्या जातात. तरी त्यातलं एकही काम आपल्याकडच्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचं नाही.

हौशी माणूस आधी छानसं चामडं आणतो आणि मग काय करायचं ते ठरवतो. क्रम उलटा हवा. आधी घड्याळ मोजावं. ‘जनता’ लहानखुरी असली तरी आजची घड्याळं 40 मिमी व्यासाची आणि 10-12 मिमी जाडीची सर्रास असतात. चावी 3-4 मिमी बाहेर येते ती वेगळी. ती पडद्याला टेकू नये म्हणून एका घड्याळामागे 60 मिमी जागा धरावी. म्हणजे तिघांची मिळून लांबी 18 सेंटिमीटर झाली. उशीचा घेर मनगटाएवढा, 17 सेंटिमीटरच्या आसपास, पण दाबली तर दबणारा हवा. पट्ट्याचं घड्याळ घट्ट-सैल करता येतं, स्टीलच्या साखळीचं येत नाही. उशीत गादीवाल्याकडचा फोम भरू नये. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि काही वर्षांत चिकट होऊन भुगा पडतो. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये येणारा पांढरा पॉलिइथिलीन फोम दिसायला गरीब, पण टिकाऊ.

आता चामडं. कच्चं कातडं कुजू नये म्हणून ते कमवावं लागतं आणि ते कशाने कमावलं यावर पुढचं सगळं ठरतं. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षाराने, एखाद्या दिवसात कमावलं जातं. ते मऊ, पाण्याला सोसणारं, हव्या त्या रंगात मिळणारं असतं. दुसरी रीत वनस्पतींची, कित्येक आठवडे चालणारी. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच रीतीने, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. जुनी गावठी पद्धत अशी, की कातड्याचीच पखालीसारखी पिशवी शिवून ती टांगायची आणि तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं. ते झिरपत राहतं, पुन्हा पुन्हा ओतायचं. त्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरडा गोळा करून विकणं हे आदिवासी कुटुंबांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. कमावण्याचं काम ढोर समाजाने केलं, शिवण्याचं चांभारांनी. ज्या हातांनी ही विद्या सांभाळली त्यांच्या जातीचं नाव गावाने शिवीसारखं वापरलं. ‘हँडक्राफ्टेड लेदर’च्या दुकानात उभं राहिल्यावर याचा विसर पडू नये, एवढंच.

वळकटीला हिरड्या-बाभळीचंच चामडं हवं, कारण ते आकार धरतं. ओलं करून साच्यावर चढवलं आणि वाळू दिलं की तसंच कडक राहतं. क्रोमचं चामडं वाळल्यावर पुन्हा लोळागोळा. मुंबईत धारावीच्या चामडा बाजारात दुकानदार दोन्हींना ‘जेन्युइन’ म्हणणारच. आपण कापलेली कड पाहावी. वनस्पतीने कमावलेलं आरपार तपकिरी दिसतं, क्रोमच्या कडेत बऱ्याचदा निळसर-करडी झाक असते. पाण्याचा थेंब टाकला तर पहिल्यावर तो लगेच मुरून गडद डाग पडतो. महाराष्ट्रात 2015 मध्ये बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून इथलं चामडं मुख्यतः म्हशीचं. त्याचा पोत जरा रांगडा असतो, पण मला तो आवडतो. बाहेरच्या वेढ्यासाठी 2 मिमी जाडीचं, पाठीच्या भागातलं घ्यावं. पोटाकडचं ताणतं आणि पुढे झोळ पडतो. माल चौरस फुटावर मिळतो. दोन फूट नीट मांडून कापलं तर बाहेरचं सगळं त्यात बसतं.

साचा म्हणून प्लंबरच्या दुकानातला 75 मिमीचा पीव्हीसी पाइप उत्तम. भिजवलेलं चामडं त्यावर ताणून घ्यायचं, वरून क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि सावलीत वाळवायचं. घाई करून ऊन किंवा हीटर दाखवला तर ओलं चामडं आक्रसतं आणि ते परत येत नाही. आणखी एक पथ्य म्हणजे ओल्या चामड्याला लोखंड लावायचं नाही. खिळा, गंजकी कात्री, काहीही टेकलं की निळा-काळा डाग उठतो. हिरडा आणि लोखंड मिळून जुन्या काळी शाई करत, तीच क्रिया इथे चामड्यावर होते.

अस्तर चिकटवताना एक हिशेब चुकवून चालत नाही. बाहेरचं चामडं 2 मिमी, अस्तर 1 मिमी, म्हणजे दोघांच्या मध्यरेषांत दीड मिमीचं अंतर. पूर्ण वेढा घेताना आतल्या थराला बाहेरच्यापेक्षा जवळपास साडेनऊ मिमी कमी वाट चालावी लागते. दोन्ही तुकडे टेबलावर सपाट चिकटवून मग गुंडाळले तर तेवढं जादा अस्तर आत सुरकुत्या होऊन उभं राहतं. म्हणून पाइपावरच, वळलेल्या अवस्थेत चिकटवायचं आणि जादा पट्टी शेवटी कापायची. जिथे थर एकावर एक येतात तिथली कड रापीने तासून पातळ केली की शिवण फुगत नाही.

शिवण हा या कामाचा खरा आनंद. रस्त्याकडेचा मोची आरीने शिवतो. आरीच्या टोकाजवळ खाच असते, तिच्यात दोरा अडकवून फास वर ओढायचा आणि त्यातून दुसरा दोरा काढायचा. काम झपाट्याने होतं. शिलाई मशिनचंही तत्त्व हेच. दोन दोरे एकमेकांत अडकतात आणि एक तुटला की शिवण उसवत जाते. सॅडल स्टिच वेगळी. दोरा एकच, मेण लावलेला, लांबी शिवणीच्या चौपट धरावी, दोन्ही टोकांना बोथट सुया. कडेपासून 4 मिमीवर रेघ मारून दाते असलेल्या ठाशाने भोकांच्या खुणा करायच्या. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मधला एखादा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा तिथून गेलेलाच असतो, त्यामुळे शेजारचे टाके जागचे हलत नाहीत. टाके तिरके आणि एकसारखे यायला हवे असतील तर आधी कोणती सुई घालायची आणि दोरा पहिल्याच्या वरून की खालून काढायचा, हा क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही. शेवटी दोन-तीन टाके उलटे मारायचे. कड पॉलिश पेपरने घासून, जरा ओली करून लाकडाने घोटली आणि मेण लावलं की गुळगुळीत तपकिरी होते. क्रोमची कड घोटली जात नाही, तिला रंगाचा लेप द्यावा लागतो.

आतलं अस्तर कशाचं, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा. स्वेड छान वाटतं, पण धूळ धरून ठेवतं आणि तीच धूळ काच घासते. साधं, गुळगुळीत, न रंगवलेलं शेळीचं चामडं मी पसंत करेन. रंग द्यायचाच असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटत नाही ना ते पाहावं. आजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ ठेवायचं असेल तर लोकरीचा फेल्ट टाळावा. लोकरीत गंधक असतो आणि त्याने चांदी काळी पडते.

चुंबकाची बटणं सध्या फॅशनमध्ये आहेत. पर्समध्ये खुशाल असू द्यावीत. चावीच्या घड्याळातली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं. आयएसओ 764 हे मानक घड्याळाने 4800 अँपिअर प्रति मीटर एवढं चुंबकक्षेत्र सोसावं म्हणतं, पण निओडिमियमच्या बटणाला घड्याळ टेकलं तर ते केव्हाच ओलांडलं जातं, आणि जुन्या ‘पायलट’ने असली परीक्षा कधी दिलेली नाही. त्यापेक्षा पट्टा आणि घुंडी बरी. पितळी घुंडीवर चामड्यातल्या तेलामुळे हिरवी पूड जमते, ती अधूनमधून पुसावी किंवा घुंडी स्टीलची घ्यावी.

कोकणात आणि मुंबईत खरी कसोटी जुलैची. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी, वळकटी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आठवड्यातून एकदा पंख्याखाली उघडी ठेवावी. तेव्हाच घड्याळांना चावीही देऊन होते. खोबरेल तेल चोळण्याचा मोह आवरावा. चामडं मऊ पडतं आणि साच्यावर कमावलेला आकार जातो. वर्षातून एकदा मेणाचा हलका हात पुरतो.

स्वतः करायला सवड नसेल तर कारागिराला मापं लिहून द्यावीत. सर्वांत जाड घड्याळाची जाडी, सर्वांत आखूड साखळीचा घेर आणि चावी कोणत्या बाजूला. चामडं कशाने कमावलंय आणि अस्तर कशाचं, हे दोनच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरं फटकन देणारा माणूस बहुधा काम जाणतो. मग हातशिलाईचे दोन-तीन दिवस धरून तो जी किंमत सांगेल, तिच्यावर घासाघीस करू नये.