टायटन: मिथेनच्या पावसाचा चंद्र

शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन आकाराने बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे. त्याचा व्यास सुमारे ५,१५० किलोमीटर. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५५ मध्ये तो शोधला. सूर्यमालेतील चंद्रांपैकी दाट वातावरण फक्त यालाच लाभले आहे. त्यात मुख्यतः नायट्रोजन असून पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या दीडपट भरतो. नारिंगी धुक्यामुळे साध्या दुर्बिणीतून जमीन दिसतच नाही; कॅसिनी यानाच्या रडारने आणि अवरक्त कॅमेऱ्यांनी हा पडदा भेदला.

तिथले तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या थंडीत पाणी गोठून खडकासारखे टणक होते आणि पाण्याचे काम मिथेन करतो. त्याचे ढग जमतात, पाऊस पडतो, नद्या डोंगर कापत वाहतात आणि ध्रुवांजवळच्या सरोवरांना मिळतात. उत्तरेकडील क्राकेन मारे हा समुद्र तर कॅस्पियनहून विस्तीर्ण आहे. पृथ्वीबाहेर पृष्ठभागावर द्रवाचे असे स्थायी साठे अन्यत्र कुठेही आढळलेले नाहीत. टायटनचे खरे अप्रूप यातच आहे. विषुववृत्तालगतचा प्रदेश मात्र कोरडा. तिथे सेंद्रिय कणांच्या काळपट वाळूच्या टेकड्या दूरवर पसरल्या आहेत.

१४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान टायटनवर उतरले. त्याने टिपलेल्या छायाचित्रांत नदीपात्रातल्यासारखे गुळगुळीत गोटे दिसले. ते पाण्याच्या बर्फाचे असावेत. सूर्यप्रकाशाने वातावरणातील मिथेनचे सतत विघटन होते, तरीही तो संपलेला नाही. त्यामुळे टायटनच्या पोटातून त्याचा नवा पुरवठा होत असावा, असे मानले जाते.