कॅरीबॅगबंदीने नाले स्वच्छ होतात का?

अहमदपूर तालुक्यातून वाहणारी मन्याड पुढे मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या बाजारात वांग्यांसाठी घेतलेली कॅरीबॅगही समुद्राच्या वाटेवर असते. पण बहुतेक पिशव्या इतक्या लांब जातच नाहीत. मराठवाड्यातले नाले वर्षातले बरेच महिने कोरडे असतात. पिशवी वेड्या बाभळीच्या काट्यांत अडकते, उन्हाने तिच्या चिंध्या होतात. शिळ्या भाकरीसकट गाठ मारून फेकलेली पिशवी गाय तशीच गिळते. उरलेल्या पिशव्या नळकांडी पुलाच्या तोंडाशी गाळात रुततात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर येते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा मुंबईची गटारे तुंबण्यामागे याच पिशव्या असल्याचे दिसले आणि राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सगळ्याच कॅरीबॅगांवर बंदी आली. दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. २३ जूनपासून अंमल सुरू झाला आणि काही दिवसांतच किराणा मालाच्या पॅकिंगला सवलत मिळाली. बंदीतली पहिली फट तिथे पडली.

मग बंदीचा उपयोग होतो का? होतो. २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अ‍ॅना पॅप आणि किंबर्ली ओरेमस यांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या ४५ हजारांवर किनारा-सफाई मोहिमांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. समुद्राबरोबर नद्या-तळ्यांचे काठही त्यांत होते. जिथे बंदी किंवा शुल्क होते, तिथे कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा इतर ठिकाणांच्या तुलनेत २५ ते ४७ टक्क्यांनी कमी निघाला. मात्र पातळ पिशवी बंद आणि जाड चालू, अशा अर्धवट बंदीचा परिणाम सर्वांत कमी होता. पिशव्यांचे एकूण प्रमाण तर सगळीकडेच वाढत होते. बंदीने फक्त त्या वाढीला लगाम घातला.

मला या अभ्यासातली अर्धवट बंदीची गोष्ट आपल्यासाठी सर्वांत मोलाची वाटते. मायक्रॉनचा हिशेब तराजूशेजारी बसलेल्या भाजीवालीने कसा करायचा? गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते, पिशवी मागते आणि नाही म्हटले तर शेजारच्या पालावर जाते. तिला दंड करून नाल्यातली पिशवी कमी होणार नाही. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट गिऱ्हाइकाकडूनच वसूल केले आणि वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. फुकट मिळणे थांबले, तशी घरची पिशवी बरोबर येऊ लागली.

छापे घालायचेच तर ते ठोक विक्रेत्याच्या गोदामावर आणि कारखान्यावर घाला. आणि पालिकेला एक विनंती: पावसाळ्याआधी नालेसफाईत निघालेल्या पिशव्या दरवर्षी वेगळ्या काढून तोला आणि तो आकडा गावाला सांगा. बंदी चालते की नाही, हे त्या आकड्यावरून कळेल.