ऑफिसला अॅपलचा लॅपटॉप घेताय? आधी टॅलीचं काय ते बघा

शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत हल्ली हा विषय निघतोच. ऑफिसला कॉम्प्युटर घ्यायचाय, मग एकदाच भारीतला घेऊ, अॅपलचं मॅकबुक घेऊ. कुणाचा तरी पोरगा पुण्यात तेच वापरतो, झकास चालतं म्हणे. पैसा मात्र सभासदांच्या शेअरचा असतो.

मशीन वाईट नाही, उलट उत्तम आहे. मॅकबुक एअरच्या आत पंखाच नसतो, त्यामुळं धूळ आत ओढली जात नाही. लाइट गेली तरी बॅटरी दिवसभराचं काम भागवते. आयबीएमनं 2015 मध्ये कर्मचाऱ्यांना मोठ्या प्रमाणात मॅक द्यायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी सांगितलं, की चार वर्षांचा हिशोब धरला तर विंडोजपेक्षा मॅक स्वस्त पडतो. पण त्यांच्याकडं ही मशीन सांभाळायला स्वतःची माणसं आहेत. आपल्याकडं स्टँडजवळचा दुरुस्तीवाला आहे.

खरी अडचण कामात येते. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये कुठंही उघडतं, पण टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, मॅकवर थेट बसत नाही. पूर्वीच्या इंटेल चिपच्या मॅकमध्ये विंडोजही टाकता यायचं. 2020 पासून अॅपलनं स्वतःची चिप आणली आणि ती सोय गेली. आता वेगळं सॉफ्टवेअर घेऊन त्याच्या आत विंडोज चालवा, नाहीतर क्लाउडवरच्या टॅलीचं भाडं भरा. डिजिटल सहीचा डोंगल रुंद पिनचा, मॅकबुक एअरला भोक टाइप-सीचं, म्हणजे मध्ये अडॅप्टर आला. रॅम तर बोर्डावरच पक्की, नंतर वाढवता येत नाही. वरातीचा घोडा औताला जुंपल्यासारखं होतं हे. मालाची लेबलं, जाहिरातीचे व्हिडिओ असलं काम रोज असेल तर गोष्ट वेगळी.

आणि विंडोज घेतला म्हणजे झालं असंही नाही. शोरूममध्ये पुढं मांडलेले चकचकीत लॅपटॉप बहुतेक घरगुती वापराचे असतात. ऑफिससाठी कंपन्यांची वेगळी मालिका असते, लेनोव्होची थिंकपॅड, एचपीची प्रोबुक. दिसायला साध्या, पण जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी त्यांना घेता येते. मात्र ती वॉरंटी आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का, हे दुकानदाराकडून बिल करायच्या आधी लिहून घ्या. डोंगल सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.