माका ओळखा, माका लावा

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रीच्या जुड्या येतात. त्यातल्या दूर्वा, शमी, आघाडा बहुतेकांना ओळखता येतात. त्याच एकवीस पत्रींतला माका मात्र हातात आला, तरी अनेकांना सांगता येत नाही. मग माका म्हणून एकदांडीसुद्धा पूजेच्या ताटात जाते.

खरं तर हा फरक ओळखणं सोपं आहे. एकदांडीचं फूल वीतभर लांब दांड्यावर एकटंच उभं असतं आणि त्याचा मधला भाग पिवळा असतो. माक्याचं फूल जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं आणि पानाच्या बगलेत आखूड देठावर येतं. पानं समोरासमोर, लांबट आणि हाताला खरखरीत लागतात. तरीही शंका उरली, तर कोवळं खोड मोडून तळहातावर चोळावं. आधी हिरवा दिसणारा रस थोड्याच वेळात निळसर काळा पडतो. हाच रस पूर्वी गोंदणासाठी वापरत. केस काळे राखणारी वनस्पती म्हणून आयुर्वेदाने याला केशराज आणि भृंगराज म्हटलं.

ॲस्टर, शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल यांच्याच कुळात माका येतो. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. भिंगातून पाहिलं, तर माक्याच्या त्या बटणात मध्ये नळीसारखी इवली फुलं दाटीने बसलेली दिसतात आणि कडेने अरुंद पांढऱ्या पाकळ्यांच्या दोन ओळी. याचं शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. एक्लिप्टा हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ उणा, कमी असलेला. एकदांडीच्या बियांना केसांचा झुबका असतो, त्यामुळे त्या म्हातारीसारख्या वाऱ्यावर उडतात. माक्याच्या बीला तसा झुबका नाही, हेच ते नावातलं उणेपण. ते खाली पडतं आणि पाण्याबरोबर वाहत जातं.

म्हणूनच माका सापडतो तो भातखाचरांच्या बांधावर, पाटाच्या कडेला, तळ्याकाठच्या चिखलात. खोड जमिनीला टेकलं, की पेरातून मुळं फुटतात. भातशेती करणाऱ्यांच्या लेखी ते तण आहे आणि खाचरातून ते उपटावंच लागतं. घराच्या कुंडीत मात्र त्याला जागा द्यायला हरकत नाही.

लागवडीला जून-जुलै उत्तम. पसरट कुंडी किंवा जुना टब घ्यावा. दोन भाग बागेतली माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत मिसळून भरावं. फुलांचे गुच्छ तपकिरी झाले, की चुरगाळून बी काढावं आणि ओल्या मातीवर नुसतं भुरभुरावं. वर माती लोटू नये. माक्याच्या बीला रुजायला उजेड लागतो. अर्ध्या सेंटिमीटरहून खोल गेलेलं बी वर येत नाही. बी मिळालं नाही, तर दोन-तीन पेरांची फांदी तिरकी करून चिखलात खोचावी, तीही जगते.

कुंडीखाली ताटली ठेवून तिच्यात बोटभर पाणी राहू द्यावं. बाकीच्या कुंड्यांतल्या रोपांची मुळं अशाने कुजतात, माका मात्र त्यावरच पोसतो. निम्मा दिवस तरी ऊन हवं. शेंडे खुडले, की रोप भरदार होतं. कापताना बुडखा चार बोटं राखला, तर पुन्हा फूट येते. डासांची भीती असेल, तर ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं.

एक पथ्य पाळावं. गटाराकाठी माका भरघोस दिसतो, पण सांडपाण्यातले जड धातू अशा झाडांत साठू शकतात. तिथला पाला तेलासाठी किंवा पोटात घेण्यासाठी आणू नये.

पूजेला, तेलाला किंवा नुसता भिंगातून न्याहाळायला, आपल्या हाताने लावलेला माका केव्हाही चांगला. या पावसाळ्यात बांधावरून त्याची एक फांदी आणा आणि खिडकीतल्या कुंडीत खोचा. भाद्रपदात पत्रीसाठी माका घरचाच मिळेल.