सुटकेनंतर राहायचं कुठे?

● कायद्याची अट : ‘अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958’च्या कलम 4 नुसार न्यायालय गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. मात्र त्याचा किंवा जामीनदाराचा राहण्याचा पक्का पत्ता किंवा नियमित कामधंदा असावा लागतो. बेघर, स्थलांतरित माणूस इथेच अडतो.

● परिवीक्षा अधिकारी : देखरेखीसोबत सल्ला देणं आणि गरजेनुसार काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं, हे कलम 14 नुसार त्यांचं कर्तव्य आहे.

● 18 ते 21 वर्षं : बालगृहातून किंवा निरीक्षणगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे.

● स्वतंत्रपूर : आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939 मध्ये वसवलेल्या या खुल्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटामागची प्रेरणा हीच.

● ‘प्रयास’ : टाटा समाजविज्ञान संस्थेचा हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांच्या पुनर्वसनासाठी काम करतो.

लक्षात ठेवा : निवाऱ्याची शोधाशोध सुटकेच्या दिवशी नको. नातेवाइकांनी त्याआधीच तुरुंगातील कल्याण अधिकारी किंवा जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटावं.